ब्रायटनच्या समुद्रासमोरील जुन्या हॉटेलात मुक्काम कसा करावा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका जुन्या हॉटेलात मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा आरक्षणाच्या पावतीवर 'साइड सी व्ह्यू' असे छापलेले होते आणि ते खोटे नव्हते. खिडकीच्या डाव्या चौकटीला गाल टेकवून मान वळवली की दोन इमारतींच्या फटीतून बोटभर रुंदीची राखाडी पट्टी दिसत असे आणि तोच समुद्र होता. त्या बोटभर समुद्रासाठी मी मागच्या बाजूच्या खोलीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले होते. तक्रार करायलाही जागा नव्हती, कारण शब्द नीट न वाचण्याची चूक माझीच होती. त्यानंतर नातेवाइकांच्या निमित्ताने त्या किनाऱ्यावर जाणे-येणे होत राहिले आणि अशा मुक्कामात पैसे कुठे सार्थकी लागतात व कुठे वाया जातात, याचा थोडाफार अंदाज आला. तो इथे ब्रायटनच्या उदाहरणाने मांडत आहे.

ब्रायटन घेण्याचे कारण साधे आहे. लंडनहून आगगाडीने तासाभरात तिथे पोहोचता येते, आणि किंग्ज रोड या किनाऱ्यालगतच्या एकाच रस्त्यावर, पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात, वेगवेगळ्या काळांतली तीन मोठी हॉटेले उभी आहेत. शेजारच्या होव्हसह या गावाला शहराचा दर्जा २००० साली मिळाला असला, तरी पाहुण्यांची वर्दळ त्याच्या कितीतरी आधीची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास जवळच्या लुइस गावातील डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नान आणि समुद्राचे पाणी पिणे हे औषध असल्याचा प्रचार केला, पुढे युवराज आणि नंतर राजा झालेल्या चौथ्या जॉर्जने इथे महाल बांधला, आणि १८४१ मध्ये लंडनची रेल्वे आल्यावर कोळ्यांच्या या जुन्या गावाचे रूपच पालटले. आज ज्या हॉटेलांत आपण उतरतो त्यांपैकी बहुतेक त्या रेल्वेच्या पाहुण्यांसाठी उभारलेली आहेत.

इमारत आधी निवडावी, खोली नंतर

सर्वांत जुने आहे ओल्ड शिप. त्याचा उल्लेख १५५९ पासून सापडतो. १६५१ मध्ये पराभूत होऊन पळणाऱ्या दुसऱ्या चार्ल्स राजाला आपल्या जहाजातून फ्रान्सला पोहोचवणारा कप्तान निकोलस टेटरसेल पुढे याच सरायीचा मालक झाला, आणि इथल्या सभागृहात १८३१ मध्ये पागानिनी याने व्हायोलिन वाजवले होते. इमारत वेळोवेळी वाढवत नेलेली असल्यामुळे मार्ग वळणावळणाचे आहेत आणि एका खोलीच्या अनुभवावरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. द लेन्स या अरुंद गल्ल्यांचा जुना बाजार मात्र मागच्या दारालाच आहे म्हणावा इतका जवळ आहे.

ग्रँड हे १८६४ चे. वास्तुविशारद जॉन व्हिचकॉर्ड यांनी इटालियन धाटणीत बांधलेली ही पांढरीशुभ्र, लोखंडी कठड्यांच्या सज्जांची इमारत म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येणारे 'इंग्लंडचे समुद्राकाठचे हॉटेल' होय. पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट ही त्या काळातली तिची मोठी नवलाई होती. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी, हुजूर पक्षाचे अधिवेशन शहरात चालू असताना, आयरिश रिपब्लिकन आर्मीने सहाव्या मजल्यावरील स्नानगृहात आधीच दडवून ठेवलेला बॉम्ब पहाटे तीनच्या सुमारास फुटला. धुराड्याचा प्रचंड खांब खालच्या मजल्यांवर कोसळला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर बचावल्या. तरीही इमारत मूळची भक्कम बांधणीची असल्यामुळे उभी राहिली, म्हणून अधिक जीव वाचले, असे अग्निशमन दलाचे मत होते. १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली. मुंबईकराला इथे अपोलो बंदरावरच्या ताजची आठवण आल्यावाचून राहत नाही. मात्र यातून एक व्यावहारिक गोष्टही लक्षात घ्यावी: ग्रँडमधील खोल्यांचा बराचसा भाग १९८४ नंतरच्या दुरुस्तीत नव्याने उभा राहिलेला आहे. तेव्हा जुनेपण खोलीत शोधण्यापेक्षा दर्शनी भागात, दिवाणखान्यात आणि मधोमध वर चढत जाणाऱ्या लोखंडी कठड्याच्या जिन्यात शोधावे. मी तर पहिल्या दिवशी सामान लिफ्टने पाठवतो आणि स्वतः जिन्याने वर जातो, वाटेत दोनदा थांबून खाली पाहतो. या हॉटेलातील सर्वांत चांगली गोष्ट फुकट मिळते ती अशी.

तिसरे मेट्रोपोल, १८९० चे, ग्रँडच्या अगदी शेजारी. लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम ज्यांनी बांधले त्या अल्फ्रेड वॉटरहाउस यांनी पांढऱ्या-पिवळसर गिलाव्याच्या या रांगेत लाल विटांची आणि भाजलेल्या मातीच्या नक्षीची ही इमारत घातली. पांढऱ्या पातळांच्या पंगतीत कोणी लालभडक शालू नेसून बसावे तशी ती दिसते. १८९६ मध्ये मोटारींवरील कडक वेगमर्यादा सैल झाल्याच्या आनंदात लंडनहून ब्रायटनला मोटारींची जी मिरवणूक निघाली, तिचा शेवट इथेच झाला होता. हे हॉटेल आकाराने फार मोठे असून परिषदा आणि प्रदर्शनांवर चालते, त्यामुळे इतर दोन्हीकडे जागा नसताना इथे मिळण्याची शक्यता असते. पण परिषदेच्या दिवशी न्याहारीला गळ्यात ओळखपत्रे अडकवलेल्या दोनशे माणसांच्या रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी.

माझे मत विचाराल तर, पहिल्याच खेपेला आणि एखाद्या खास निमित्ताने जाणाऱ्यांनी ग्रँडचा विचार करावा, आणि गावात भटकण्यात अधिक रस असणाऱ्यांनी ओल्ड शिपचा. अशा हॉटेलांचे मालक आणि व्यवस्थापन बदलत असते, म्हणून पाच वर्षांपूर्वी कोणा परिचिताने केलेल्या स्तुतीवर विसंबू नये. गेल्या चार-सहा महिन्यांतले अभिप्राय वाचावेत, आणि तेही आपण घेणार असलेल्या खोलीच्या प्रकाराबद्दलचे.

तारीख ठरवताना

ब्रायटनमध्ये तारखेचा परिणाम हॉटेलाच्या दर्जापेक्षाही दरावर अधिक होतो. शुक्रवार-शनिवारी लंडनची तरुण मंडळी इथे लोटतात, लग्नाआधीच्या मैत्रिणींच्या आणि मित्रांच्या मेजवान्या याच गावात होतात, आणि किंग्ज रोडच्या खालच्या कमानींत तसेच वेस्ट स्ट्रीटवर रात्री उशिरापर्यंत क्लब चालू असतात. शनिवारी एकाच रात्रीचे आरक्षण काही हॉटेले घेतच नाहीत. तीच खोली मंगळवारी किंवा बुधवारी लक्षणीय स्वस्त मिळते आणि रात्री झोपही लागते. ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दोन रात्री घ्याव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

याखेरीज मे महिन्यातील कलामहोत्सव, एप्रिलमधील मॅरेथॉन, ऑगस्टच्या सुरुवातीची प्राइड मिरवणूक आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनहून येणारी जुन्या मोटारींची फेरी, या दिवसांत दर चढतात. ही मोटारफेरी त्या १८९६ च्या मिरवणुकीचीच आठवण आहे आणि १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्याच तिच्यात घेतल्या जातात. गाड्यांची आवड असेल तर चढा दरही सोसावा, नसेल तर तो आठवडा टाळावा. सप्टेंबरमध्ये राजकीय पक्षांची अधिवेशने शेजारच्या ब्रायटन सेंटरमध्ये भरली, तर रस्त्यावर पोलिसांचे कडे असते आणि समुद्राकाठच्या हॉटेलांत खोली मिळणे दुरापास्त होते.

भारतातून व्हिसा काढून जाणाऱ्यांनी पहिले आरक्षण विनाशुल्क रद्द करता येण्याजोगे करावे. अर्जात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो आणि व्हिसा हाती येईपर्यंत तारखा हलण्याची शक्यता असते. आगाऊ भरण्याचा, परत न मिळणारा दर थोडा स्वस्त दिसतो. तो मोह व्हिसा मिळाल्यावरच धरावा.

खिडकीचा हिशेब

आता ज्या मुद्द्यावर मी स्वतः फसलो, त्याविषयी सविस्तर. समुद्राकाठच्या जुन्या हॉटेलात जास्तीचे पैसे आपण मुख्यतः खिडकीसाठी मोजतो, त्यामुळे खिडकीतून नेमके काय दिसणार हे आरक्षणाआधी विचारून घ्यावे. 'सी व्ह्यू' किंवा 'सी फेसिंग' म्हणजे बहुधा थेट समोर समुद्र. 'साइड', 'पार्शल' किंवा 'ऑब्लिक' असा शब्द जोडलेला असेल तर मान वळवण्याची तयारी ठेवावी. आणि नुसते 'क्लासिक' किंवा 'स्टँडर्ड' असेल तर मागची गल्ली, दुसऱ्या इमारतीची भिंत किंवा स्वयंपाकघराच्या धुराड्याचे तोंड दिसले तरी बोलायला जागा नसते. संकेतस्थळावरील छायाचित्र हे त्या प्रकारातील उत्तम खोलीचे असते. म्हणून आरक्षणानंतर हॉटेलला सरळ एक ईमेल पाठवावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: खोली कितव्या मजल्यावर आहे, खिडकी रस्त्यावर समोर उघडते की बाजूला, आणि सज्जा असल्यास त्यावर पाऊल ठेवता येते की तो केवळ शोभेचा आहे. सभ्य शब्दांत विचारलेल्या अशा पत्राला सहसा उत्तर येते, आणि लग्नाचा वाढदिवस वगैरे निमित्त असेल तर ते संकोच न करता लिहावे.

मजल्याचा हिशेब असा की, खालच्या मजल्यांवर छत उंच आणि खिडक्या मोठ्या, पण समोरच्या वाहत्या रस्त्याचा आवाजही मोठा. सर्वांत वरच्या मजल्यांवर पूर्वी नोकरचाकर राहत असत, म्हणून जुन्या इमारतींत तिथल्या खोल्या अनेकदा बुटक्या आणि उतरत्या छताच्या असतात. मधला, म्हणजे तिसरा-चौथा मजला मला सर्वांत सोयीचा वाटला आहे.

सूर्याचाही विचार करावा, कारण इथे अनेकांचा अपेक्षाभंग होतो. ब्रायटनचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. कोकणात किंवा गोव्यात आपल्याला बारमाही समुद्रात बुडणारा सूर्य पाहण्याची सवय असते. इथे तसे नाही. जूनमध्ये सूर्य वायव्येला, म्हणजे आपल्या हॉटेलाच्या पाठीमागे, रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो आणि समुद्रावर फक्त त्याचा उजेड रेंगाळतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र तो आग्नेयेला सकाळी आठच्या सुमारास समुद्रावर उगवतो आणि दुपारी चारच्या आसपास नैर्ऋत्येला समुद्रातच उतरतो, त्यामुळे समोरच्या एकाच खिडकीतून उदय आणि अस्त दोन्ही पाहता येतात. त्याच वेळी वेस्ट पिअरच्या सांगाड्याभोवती साळुंक्यांच्या नात्यातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे धुरासारखे आकार बदलत घिरट्या घालतात. १८६६ साली उभारलेला आणि १९७५ साली बंद झालेला हा धक्का २००२ च्या अखेरीस ढासळू लागला, पुढच्या वर्षी तो जळालाही, आणि आता पाण्यात केवळ काळे लोखंड उरले आहे. माझ्या मते याच दृश्यासाठी हिवाळ्यातील एक मुक्काम उन्हाळ्यातील दोन मुक्कामांच्या तोडीचा ठरतो, आणि दरही त्या मानाने उतरलेले असतात.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की जूनमध्ये पहाटे पाचच्या आधीच लख्ख उजाडते आणि छपरांवर घरटी केलेले सीगल पक्षी तेव्हापासून कर्कश ओरडू लागतात. पडदे जाड असतातच, पण कानात घालायचे बोळे सोबत न्यावेत.

पोहोचायचे कसे

गॅटविक विमानतळाला लागूनच रेल्वे स्थानक आहे आणि तिथून ब्रायटन अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. हीथ्रोवर उतरणाऱ्यांनी एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डनला येऊन तिथे थेम्सलिंकची ब्रायटनची गाडी पकडावी. लंडनच्या भुयारी रेल्वेचे जिने सामान घेऊन चढण्यापेक्षा हे फार सोपे पडते. हीथ्रोहून थेट बसही आहे. लंडन शहरातून व्हिक्टोरिया, लंडन ब्रिज किंवा सेंट पँक्रस येथून गाड्या मिळतात. लंडनचे ऑयस्टर कार्ड ब्रायटनपर्यंत चालत नाही, वेगळे तिकीट काढावे लागते. सकाळच्या कामाच्या गर्दीनंतरचे 'ऑफ-पीक' तिकीट स्वस्त असते, आणि फक्त थेम्सलिंकच्या गाड्यांना चालणारे त्याहून स्वस्त असू शकते, पण ते घेऊन दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसू नये, दंड होतो. रविवारी रुळांची कामे निघाली तर वाटेत बसमध्ये बसवतात, म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक पाहावे.

ब्रायटन स्थानकातून बाहेर पडल्यावर समोरचा क्वीन्स रोड सरळ उताराने खाली जातो, वाटेत १८८८ चा घड्याळ-मनोरा लागतो, आणि पंधरा मिनिटांत समुद्र येतो. जाताना उतार असल्यामुळे सारे हलके वाटते; परतीच्या वेळी तोच चढ असतो आणि बॅगेत खरेदीची भर पडलेली असते, तेव्हा टॅक्सी करावी. स्वतःची मोटार नेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण समुद्राकाठी गाडी लावण्याचे शुल्क डोळे पांढरे करणारे असते.

खोलीत शिरल्यावर

खोली सहसा दुपारी तीननंतर मिळते आणि सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते. आधी पोहोचल्यास सामान ठेवून घेतात. नोंदणीच्या वेळी वरखर्चासाठी कार्डावर काही रक्कम अडवून ठेवली जाते. भारतीय बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेले नसतील तर याच टेबलाशी खोळंबा होतो. शिवाय प्रवासी कार्डात मोजकेच पैसे भरलेले असले आणि त्यातले अडकले, तर दोन-चार दिवस ते हाताशी येत नाहीत, म्हणून या कामासाठी क्रेडिट कार्ड द्यावे.

अशा अनेक इमारती वारसा म्हणून नोंदलेल्या असतात आणि त्यांच्यात मनास येईल तसे बदल करता येत नाहीत. त्यामुळे अनेक ठिकाणी वर-खाली सरकणाऱ्या लाकडी तावदानांच्या जुन्या खिडक्या असतात, ज्यांच्या फटींतून वादळी रात्री वारा शीळ घालतो. काचेवर समुद्राच्या खाऱ्या तुषारांची पांढुरकी साय धरते. ती अस्वच्छता समजून गडबडून जाऊ नये, काल पुसलेली काचही आज तशी होते. वातानुकूलन प्रत्येक खोलीत असेलच असे नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी आधी विचारावे. हिवाळ्यात खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर खोली उबदार ठेवतो, त्यावर ओले मोजे वाळतातही, पण त्याची कळ कुठल्या बाजूला फिरवायची हे पोर्टर खोलीत असतानाच विचारून घ्यावे.

स्नानगृहाबद्दल आपल्या मंडळींना हमखास सांगावे लागते ते असे की, तिथल्या जमिनीला मोरी नसते. टबात उभे राहून आपल्या सवयीप्रमाणे मोकळेपणाने पाणी ओतले, किंवा पडदा टबाच्या बाहेर राहिला, तर ते पाणी दाराखालून गालिच्यात आणि तिथून खालच्या मजल्याच्या नक्षीदार छतात उतरते. पडदा टबाच्या आत घ्यावा, पायपुसणे टबालगत अंथरावे, आणि बादली-तांब्याच्या स्नानाचा विचार चार दिवस बाजूला ठेवावा. शौचालयात पाण्याचा फवारा नसतो, म्हणून एक लहान मग सोबत न्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. केस वाळवायचे यंत्र स्नानगृहात लावता येत नाही, तिथे केवळ दाढीच्या यंत्रापुरती खोबण असते. विजेचा दाब आपल्यासारखाच असला तरी प्लगचे तीन दाते चौकोनी असतात, तेव्हा जोडणी (अडॅप्टर) हवीच.

टेबलावरच्या तबकात विजेची किटली, चहाच्या पुड्या आणि दुधाच्या अंगठ्याएवढ्या डब्या ठेवलेल्या असतात. दोन माणसांच्या आपल्या पद्धतीच्या चहाला त्या डब्या अपुऱ्या पडतात. स्वागतकक्षाला फोन करून ताजे दूध मागितले तर छोट्या चंबूत आणून देतात. खोलीत उदबत्ती किंवा निरांजन मात्र लावू नये. धुराची घंटा अतिशय संवेदनशील असते, आणि ती वाजली की संपूर्ण हॉटेल रात्रीच्या कपड्यांत फुटपाथवर उभे राहते.

न्याहारी आणि दुपारचा चहा

न्याहारी दरात धरलेली आहे की नाही, हे पाहावे. नसल्यास हॉटेलातली महाग पडते, पण समुद्रासमोरच्या दालनात बसून एकदा तरी ती घ्यावी. पूर्ण इंग्लिश न्याहारीत डुकराच्या मांसाचे सॉसेज व बेकन आणि कधी ब्लॅक पुडिंग असते. नावात पुडिंग असले तरी ती रक्त घालून केलेली वडी आहे, गोड पदार्थ नव्हे. अंडी, टोमॅटो, अळंबी, बटाट्याची तळलेली हॅश ब्राउन आणि गोडसर रसातले बीन्स एवढ्यावर शाकाहारी माणसाचे भागते, आणि मागितल्यास शाकाहारी सॉसेजही मिळते. एकाच चिमट्याने सारे वाढले जाते, हे ज्यांना चालत नसेल त्यांनी स्वयंपाकघरातून वेगळी ताटली मागवावी. ब्रायटन हे शाकाहारासाठी इंग्लंडात नावाजलेले शहर असल्यामुळे कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

दुपारच्या चहासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. तीन मजली तबकात खाली सँडविचे, मध्ये स्कोन हे छोटे जाडसर पाव आणि वर केक येतात, आणि खालून वर खात जायचे असते. स्कोन सुरीने न कापता हाताने मधोमध उकलावा. तो गरम असेल तर वाफेबरोबर लोण्याचा वास येतो, त्यावर जॅम आणि दाट साय घालावी. कट्टर शाकाहारींनी वरच्या थरातील थलथलीत पदार्थांत जिलेटिन आहे का, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे. हा चहा हॉटेलात न उतरणाऱ्यांनाही मिळतो. म्हणून ज्यांना खोलीचा दर झेपणारा नसेल, त्यांनी मागच्या गल्लीत साध्या जागी उतरून ग्रँडच्या काचेच्या दालनात एक दुपार घालवावी, इमारतीचा बराचसा आनंद त्यात येतो. बिलात सेवाशुल्क आधीच धरले असेल तर वेगळी बक्षिसी देण्याची गरज नसते.

हॉटेलाबाहेर

किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चालणे म्हणजे शिक्षाच, तेव्हा पाण्यातही चालतील असे जोडे न्यावेत. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही सतरा-अठरा अंशांच्या पुढे क्वचितच जाते आणि किनाऱ्यालगतच एकदम खोल होते. उघड्यावर चिप्स खाताना पाठ भिंतीला लावून बसावे, सीगल मागून झडप घालतात. १८९९ चा पॅलेस पिअर आणि १८८३ पासून किनाऱ्याने धावणारी, आजही चालू असलेल्या विजेच्या रेल्वेंमध्ये जगात सर्वांत जुनी मानली जाणारी फोल्क्स रेल्वे, ही दोन्ही मुलांना आवडतात. रेल्वे फक्त मोसमात चालते.

मराठी माणसाला मात्र या गोट्यांवर बसल्यावर वेगळेच काही आठवते. सावरकरांना 'सागरा प्राण तळमळला' सुचले ते १९०९ साली याच किनाऱ्यावर. समोरचा समुद्र तेव्हाही असाच राखाडी असणार, हे हिवाळ्यातल्या वाऱ्यात दहा मिनिटे बसल्यावर पटते.

भारताशी ब्रायटनचे नाते त्याहून जुने आहे. पाटण्याचे साके दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे समुद्रासमोर स्नानगृह काढून इंग्रजांना आपली चंपी शिकवली आणि 'शॅम्पू' हा शब्द रुजवला. ते स्नानगृह होते तिथे आज क्वीन्स हॉटेल आहे. चौथ्या जॉर्जचा तो घुमटांचा महाल, म्हणजे रॉयल पॅव्हिलियन, हॉटेलांपासून चालत दहा मिनिटांवर आहे. जॉन नॅश यांनी १८१५ ते १८२२ या काळात त्याला हिंदुस्थानी रूप दिले, आणि पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या आरंभापर्यंत, तिथे जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते. निरनिराळ्या धर्मजातींसाठी वेगळी स्वयंपाकघरे आणि पाण्याचे वेगळे नळ ठेवले होते. पॅव्हिलियनला निवांत अर्धा दिवस द्यावा.

शेवटच्या दिवसासाठी 'छत्री' हे भारतीय सैनिकांचे स्मारक राखून ठेवावे. अकरा वाजता खोली सोडून सामान स्वागतकक्षात ठेवावे, त्याची पावती जपावी, आणि बसने शहराच्या कडेचे पॅचम गाठून तिथून डाउन्सच्या गवताळ टेकड्यांवर चालत जावे. मोटार तिथपर्यंत जात नाही आणि पावसानंतर वाट चिखलाची असते, म्हणून चांगले जोडे आणि दोन-तीन तास हाताशी हवेत. ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, तिथे पांढऱ्या संगमरवराची ही घुमटी १९२१ मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा केला होता ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाने. तिथे दुकान नाही, पाणी नाही, बसायला गवतच आहे. परत येऊन सामान घ्यायचे आणि संध्याकाळच्या गर्दीआधीची गाडी पकडायची असेल, तर दोनच्या सुमारास उतरायला लागावे.